५८८२३५३ : शोध १७ पर्यंत पोचला

मागच्या नोंदीत १२३३ = १२² + ३३² इथे थांबलो होतो. संख्या मधोमध तोडायची, दोन्ही तुकड्यांचे वर्ग मिळवायचे, की तीच संख्या परत! ८८३३ चंही तसंच. पुढे चार-चार अंकांचे तुकडे घेऊन शोधताना ही सापडली (डावीकडे एक शून्य धरायचं):

५८८² + २३५३² = ३४५७४४ + ५५३६६०९ = ५८८२३५३

आधी ती मूळ संख्या आहे का ते पाहायला बसलो. वर्गमूळ २४२५ च्या जरा पुढे, म्हणजे साडेतीनशेहून जास्त भागाकार. पण हिला १७ ने गुणलं की १०००००००१ येतं, म्हणजेच १०⁸ + १, हे ध्यानात आलं आणि काम हलकं झालं. १०⁸ + १ ला भाग देणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येला १६ ने भागलं तर बाकी १ च उरते. २४२५ च्या आत अशा मूळ संख्या ४१ च. १७, ९७, ११३ असं करत २४१७ पर्यंत सगळ्यांनी भागून पाहिलं, एकीनेही नि:शेष भाग जात नाही. मूळच आहे.

१/१७ चं आवर्त (दशांशात पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) १६ अंकी : ०५८८२३५२९४११७६४७. त्यातले पहिले आठ अंक घेऊन १ मिळवा, आपली संख्या समोर! उलट १/५८८२३५३ चं आवर्त ०००००१६९९९९९९८३ च्या डावीकडे आणखी एक शून्य, म्हणजे तेही १६ अंकी. बरोबर १६ अंकी आवर्त असणाऱ्या मूळ संख्या या दोनच, १७ आणि ५८८२३५३. मला या शोधातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

आता तुकड्यांचं रहस्य. डावा तुकडा क्ष, उजवा य. क्ष² + य² = १००००क्ष + य हे समीकरण ४ ने गुणून वर्ग पूर्ण केले की

(२क्ष − १००००)² + (२य − १)² = १०⁸ + १

म्हणजे १०⁸ + १ ही दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, एवढाच प्रश्न उरतो. १७ आणि ५८८२३५३ या दोन्ही ४न + १ प्रकारच्या मूळ संख्या, म्हणून प्रकार दोनच : १००००² + १² आणि ८८२४² + ४७०५². पहिल्यातून काही नवं निघत नाही. दुसऱ्यातून य = २३५३, आणि क्ष = ५८८ किंवा ९४१२. तेव्हा अंकांचा हा मेळ योगायोग नाही, तो १७ मुळे आहे.

९४१२२३५३ ही जोडीदार मात्र मूळ नाही. ९४१२ म्हणजे २३५३ ची चौपट, त्यामुळे बेरीज थेट १७ × २३५३² होते.

सध्या पाच-पाच अंकांवर आहे. १०¹⁰ + १ = १०१ × ३५४१ × २७९६१, तीन अवयव, म्हणून नव्या मांडण्या तीन. १७६५०३८१२५ आणि २५८४०४३७७६ या दोन मांडण्यांतून मिळाल्या, पडताळूनही झाल्या. तिसरीचं गणित वहीत अर्ध्यावर आहे.