टाळेबंदी लागली, मग आकडे का चढत राहतात?

कोरोनाच्या टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी "सगळं बंद ठेवून काय उपयोग, रुग्ण वाढतायतच" असं म्हणणारे आणि बाराव्या दिवशी "बघा, बंदचा परिणाम" म्हणणारे बहुतेक वेळा तेच लोक असतात. दोन्ही वेळा तारखांचा घोळ झालेला असतो.

कोरोनाच्या मूळ विषाणूत संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागायचे. त्यानंतर माणूस दोन-तीन दिवस ताप अंगावर काढणार, मग स्वॅब देणार, मग अहवाल येणार. म्हणजे आज महापालिकेच्या यादीत आलेला रुग्ण आठ-दहा दिवसांपूर्वी बाधित झालेला असतो. ऑक्सिजनची गरज साधारण लक्षणांनंतर आठवड्याने लागते आणि मृत्यू त्याहून उशिरा. त्यामुळे आधी नवे रुग्ण उतरतात, मग बेड रिकामे होतात आणि मृत्यूंचा आकडा खाली यायला तीन-चार आठवडे जातात.

त्यात घरातली साखळी वेगळीच. रस्ता बंद झाला तरी जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा सिडकोतल्या दोन खोल्यांत सहा माणसं एकत्रच असतात. एक बाधित असेल तर पाच दिवसांनी दुसरा, आणखी पाच दिवसांनी तिसरा. घरातली ही फेरी संपायला दोन आठवडे सहज लागतात. मालेगावात एप्रिल-मे २०२० मध्ये कडक बंदोबस्त असतानाही रुग्ण वाढत गेले, त्यामागे दाट वस्ती आणि लहान घरं हे मोठं कारण होतं. अशा ठिकाणी पोलिसांची गाडी फिरवण्यापेक्षा बाधिताला घराबाहेर विलगीकरणात नेणं आणि तिथे जेवण-पाण्याची नीट सोय करणं जास्त उपयोगी. सोय वाईट असली की लोक लक्षणं लपवतात आणि साखळी पुन्हा घरात शिरते.

उशीर किती महाग पडतो, हे आकडेमोडीत बघा. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना बाधित करतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जायला पाच दिवस लागतात, असं धरलं तर रुग्ण चार दिवसांच्या आतच दुप्पट होतात. आठवडाभर उशीर म्हणजे साडेतीन पट रुग्ण. आता टाळेबंदीने हा अडीचचा आकडा ०.८ वर आणला, म्हणजे संपर्क दोन तृतीयांशांनी तोडले असं समजू. ही मोठी मजल आहे, तरी रुग्ण निम्मे व्हायला १५ दिवस लागतात आणि ती साडेतीन पट वाढ उतरवायला जवळपास महिना. सात दिवसांचा उशीर एकोणतीस दिवसांनी फिटतो! आकडा ०.९ वरच अडकला तर निम्मे व्हायलाच महिना जातो. अर्धवट बंदमध्ये नुकसान पूर्ण आणि फायदा किरकोळ होतो तो यामुळेच. डेल्टासारखा दुप्पट वेगाने पसरणारा विषाणूचा प्रकार आला की तेवढेच निर्बंध अपुरे पडतात.

सगळ्यात जास्त चूक होते ती दुकानांच्या वेळेत. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात किराणा-भाजीची वेळ सकाळी ७ ते ११ केली होती. समजा बाजाराच्या एका गल्लीत दिवसाला २,४०० माणसं येतात आणि प्रत्येक जण अर्धा तास थांबतो. बारा तास दुकानं उघडी असतील तर एका वेळी १०० माणसं असतात. तीच माणसं चार तासांत आली की ३००. दुकानांची वेळ घटली, पण गर्दी तिप्पट झाली! वेळ बारा तासच ठेवून माणशी थांबणं १५ मिनिटांवर आणलं तर एका वेळी फक्त ५० जण उरतात. मार्च २०२१ च्या अखेरीस नाशकात बाजारपेठेत शिरायला माणशी पाच रुपयांची पावती, तासाभराची मुदत आणि जास्त थांबल्यास ५०० रुपये दंड असा प्रयोग झाला. त्याची बरीच चेष्टा झाली, पण मला तो हिशेबाने योग्य दिशेचा वाटतो. फक्त पावतीच्या रांगेतच लोक एकमेकांना खेटले की सगळं मुसळ केरात. त्यासाठी प्रवेशाची तोंडं जास्त हवीत आणि ती उघड्यावर हवीत.

गावी परतणाऱ्यांचंही आधीच ठरवावं लागतं. २०२० चा देशव्यापी बंद चार तासांच्या सूचनेवर लागला, आणि नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची पहिली गाडी सुटली ती १ मेच्या रात्री. तोवर मुंबई-आग्रा महामार्गावर पायी निघालेले लोंढे सगळ्यांनी पाहिलेच.

आकडे वाचताना तपासण्यांची संख्या सोडू नका. काल १,००० तपासण्यांत २५० बाधित, आज ६०० तपासण्यांत १८०. बातमी येते "रुग्णसंख्येत घट". प्रत्यक्षात बाधितांचं प्रमाण २५ वरून ३० टक्क्यांवर गेलेलं असतं. बंदमध्ये रिक्षा मिळत नाही म्हणून लोक तपासणीला जात नाहीत, हेही त्यात असतं. तसंच, १२ ते २३ मे २०२१ च्या नाशिक जिल्ह्यातल्या कडक टाळेबंदीला सगळं श्रेय देता येत नाही. राज्यव्यापी निर्बंध एप्रिलच्या मध्यापासून होते आणि राज्याचा आलेख मे उजाडण्याआधीच उतरणीला लागला होता.

उघडायचं कधी, याचा बरा नियम जून २०२१ मध्ये आला. बाधितांचं प्रमाण आणि भरलेले ऑक्सिजन बेड पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरले. पाच टक्क्यांखाली प्रमाण आणि २५ टक्क्यांपेक्षा कमी बेड भरलेले असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. उघडण्यासाठी बेडचा आकडा चांगला, कारण तो उशिरा उतरतो आणि घाई होऊ देत नाही. बंद करण्यासाठी मात्र तो कामाचा नाही. बेड ६० टक्के भरल्यावर निर्णय घेतला तर पुढच्या दोन आठवड्यांत ज्यांना बेड लागणार, ती माणसं त्या दिवशी आधीच बाधित झालेली असतात. बंद करताना बघायचं ते बाधितांचं प्रमाण, आणि त्याच्याही आधी गल्लीतल्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रोजची संख्या.