दाजीपूर: गवा नुसता बघू नका, ओळखा

भाच्याच्या डोक्यात देवमासे शिरले, म्हणून आम्ही गवे बघायला गेलो.

झालं असं, की ओमानजवळ २०१७ साली उपग्रहाचा टॅग लावलेली हंपबॅक जातीच्या देवमाशाची एक मादी अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याकडं आली होती, हे त्यानं कुठंतरी वाचलं. नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. तिच्या शेपटीवरची पांढरी खूण लोबानाच्या झाडासारखी दिसते म्हणून. हंपबॅकच्या शेपटीखालचा काळा-पांढरा नमुना आणि मागच्या कडेच्या खाचा प्रत्येकीच्या वेगळ्या असतात, त्यावरून एकेक मासा ओळखतात. (मासा नव्हे, सस्तन. भाचा दर वेळी दुरुस्त करतो.) "मग मामा, गवे का नाही ओळखता येणार?" आता याला काय उत्तर द्यायचं? फेब्रुवारीत एका शनिवारी पहाटे साडेचारला रंकाळा मागं टाकला.

कोल्हापुराहून राधानगरीमार्गे दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पेट्रोल, पाणी, डबा कोल्हापुरातूनच घ्या. पुढं मोबाईलची रेंज जाते-येते, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, हे विसरून येणारे दरवर्षी भेटतात म्हणे. आत वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नका. आमच्या वाटाड्याची नजर अशी, की आम्हाला झुडूप दिसायचं तिथं त्याला कान दिसायचा.

सावराई सड्याच्या (म्हणजे पठाराच्या) अलीकडं पहिला कळप. सगळे सारखेच: काळेभोर, पांढरे मोजे, कपाळ राखाडी. भाचा वहीत लिहायला लागला, "मोठा, काळा." वाटाड्या हसला. "काळा तर हितं समदाच नर हाय. माद्या तांबूस. शिंग बघा, कान बघा."

मग दिसला तो. खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, अंगावर चिखलाची साय. डाव्या शिंगाचं टोक बोटभर मोडलेलं आणि डाव्या कानाच्या खालच्या कडेला व्ही आकाराची खाच. नाकातून जोरात फुस्स केलं आणि आमच्याकडं बघत उभा राहिला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत जातो, तेव्हा गाडीतून उतरायचा विचारही करू नका. भाच्यानं नाव ठेवलं 'मोडक्या'. गव्याचं शिंग हरणासारखं गळून नवं येत नाही, त्यामुळं असं मोडलेलं टोक जन्मभराची खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर एक एकटा नर होता. मी छातीठोकपणे सांगितलं, हा वेगळा, याचे मोजे पांढरे नाहीत. तो पाण्यातून बाहेर आला तर गुडघ्यापर्यंत चिखल! रंगावर जाऊ नका, हा धडा मी भाच्यासमोर तोंड पाडून शिकलो. बरं, मोडक्याच होता का? तेही सांगता येईना. आदल्या दिवशीचे फोटो सगळे डाव्या बाजूचे आणि हा उजवी बाजू दाखवून जंगलात शिरला. मान वळवली असती तर निकाल लागला असता.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: एकाच जनावराच्या दोन्ही बाजू आणि समोरून शिंगांचा फोटो मिळेपर्यंत दुसऱ्याकडं कॅमेरा वळवू नका. लांबच्या लेन्सपेक्षा आठ पटीची दुर्बीण आधी घ्या, खाच तिच्यातून कळते. वहीत गव्याचं कोरं डोकं आधीच काढून न्या, जागेवर फक्त खुणा भरायच्या. आमच्या भाच्याचं पहिलं चित्र बैलपोळ्याचं वाटत होतं. आणि गव्याला 'बायसन' म्हणालात तर म्हणा, गेटवर सगळेच म्हणतात, पण खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात.

कुणाला डावं टोक मोडलेला नर दिसलाच, तर कृपा करून उजव्या बाजूचा फोटो घ्या. भाच्याच्या वहीत तेवढं पान अर्धं राहिलंय.