आडनावाआधीचा कागद

आज आत्याला घेऊन दादरला मोडी शिकवणाऱ्या एका सरांकडे गेलो होतो. तिच्या ट्रंकेतलं जुनं खरेदीखत वाचून घ्यायचं होतं. शके १८०४, म्हणजे १८८२ साल. माझ्या खापरपणजोबांनी संगमेश्वर तालुक्यात घेतलेल्या जमिनीचं.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग तिला लटकवत अक्षरं लिहीत जातात, शक्यतो हात न उचलता. शब्द कुठे संपला ते नवख्याला कळतच नाही. सर रेघेवर बोट सरकवत वाचत होते. मधेच थांबून म्हणाले, "यात आडनाव नाहीये हं." खरंच नव्हतं. नाव, मग 'बिन', मग वडिलांचं नाव. आणि पुढे 'हल्ली वस्ती मुंबई'.

त्या तीन शब्दांवर आत्याचे डोळे भरून आले. गिरणीत राबणारा माणूस, पैसा मात्र गावच्या मातीत घालत होता.

मला वाटतं, आमच्या आडनावातलं 'कर' इथेच, मुंबईत चिकटलं. गावात सगळेच त्या गावचे, तिथे गावाचं नाव कोण लावणार? हजेरीपटावर एका नावाचे चार जण निघाले की मुकादम विचारणारच, "कुठला रे तू?"

तुमच्या घरी असे कागद असतील तर कृपा करून लॅमिनेट करू नका. आधी नीट फोटो काढा. आणि नाशिकला तीर्थोपाध्यायांकडच्या वंशावळीच्या वह्या कुणी पाहिल्या असतील तर जरूर सांगा, पुढच्या महिन्यात आत्याला घेऊन जायचंय.