एचपीव्ही १६, पॉझिटिव्ह

मोबाइलवर रिपोर्ट आला तेव्हा मी कणीक मळत होते. करंगळीनंच पीडीएफ उघडली. पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल; एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. गोळा परातीतच राहिला. लग्नाला १९ वर्षं झालीत, मग हे आलं कुठून?

गुगलवर पहिलंच वाक्य, 'लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू'. रात्री फोन नवऱ्यापुढे सरकवला. त्यानं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "आता तू माझ्यावर संशय घ्यायचा की मी तुझ्यावर?" दोघांनाही झोप नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "कुणाकडून आणि कधी, हे हा रिपोर्ट सांगूच शकत नाही." विषाणू वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप जातोही. छळतो तो मुक्काम ठोकणारा. त्यात १६ आणि १८ हे प्रकार दांडगे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के यांचेच. पण तिथवर पोचायला बहुधा १५-२० वर्षं लागतात, तेवढ्यात पकडता येतं. "माझी टेस्ट?" नवऱ्यानं विचारलं. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही म्हणे. मला जरा रागच आला.

मग कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून मोठं करून बघणं. व्हिनेगरमधलंच ॲसिड लावतात, बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. खोलीत चायनीजच्या गाडीचा वास, स्क्रीनवर डाळीएवढा पांढरा ठिपका. बायोप्सीत सौम्य बदल निघाले, वर्षानं पुन्हा बघायचं. लेक बारा वर्षांची आहे, तिला एचपीव्हीची लस याच महिन्यात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. लस नव्या संसर्गाला अडवते, झालेला घालवत नाही, म्हणून लहानपणीच.

सासूबाईंना सांगायचं धाडस होईना. सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आमची झालीय की ती तपासणी." त्यांचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तेव्हाचं उस्मानाबाद. १९९९ नंतर तिथं १ लाख ३१ हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास झाला होता. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगभर छापून आलं. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नाही.

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. पण तिघी जावा एकदमच गेलो. धाकटी आत रडली, आणि बाहेर येऊन चहा मागितला."