मक्याचा चेक, सोयाबीनच्या शेताला

फेब्रुवारीत आमच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नसते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ज्या शेतकऱ्यांनी वर्षभरात आगाऊ कर भरलेला नसतो, त्यांना दंड टाळायचा तर १ मार्चपर्यंत विवरणपत्र भरून सगळा कर चुकता करावा लागतो. मी त्यांची विवरणपत्रं भरते. शेतीच्या फॉर्मचं नाव शेड्यूल एफ. त्यातली ४ए ही ओळ सरकारी अनुदानाची, आणि तिथला आकडा बघून समोरचा माणूस हमखास काहीतरी पुटपुटतो.

शेतात नुकसान झालं की सरकार पैसे देतं, अशी माझीही आधी समजूत होती. पण फार्म बिल म्हणजे इथला शेतीचा कायदा; २०१४च्या फार्म बिलात आलेल्या एआरसी-काउंटी या अनुदान योजनेत तुमचं शेत कुणी बघतच नाही. अख्ख्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, सरासरी उतारा आणि देशभरातला सरासरी भाव यांचा गुणाकार ठरलेल्या पातळीखाली गेला, तरच पैसे. गारपीट नेमकी तुमच्याच बांधात झाली आणि बाकी काउंटीत मका झकास असला, तर यातून एक सेंट मिळत नाही. विमा काढला असेल तर तेवढाच आधार. उलट तुमचं पीक उत्तम आणि काउंटी झोपली, तर चेक येतो.

तोही यंदाच्या पेऱ्यावर नाही. तो ठरतो ‘बेस एकर’वर, म्हणजे त्या जमिनीत पूर्वी काय पेरलं जायचं त्याच्या नोंदीवर. मक्याचा बेस असेल तर शेतभर सोयाबीन घातलं तरी मक्याचाच चेक. आपल्याकडे पीकपाहणीत कापूस आणि शेतात ऊस निघाला, तर केवढा गोंधळ होतो! इथे नोंद एक आणि पीक दुसरं, हाच नियम आहे.

काउंटीच्या हद्दीचं खरं माहात्म्य २०१९ साली दिसलं. चीनबरोबरच्या आयातकराच्या भांडणात सोयाबीनचा भाव पडला होता. २०१८च्या भरपाईत सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल हे इथलं धान्याचं माप) १ डॉलर ६५ सेंट आणि मक्याला चक्क १ सेंट मिळाला, म्हणून मकावाले चिडले. पुढच्या वर्षी दर पिकावर न ठेवता काउंटीवर ठेवला: एकरी १५ पासून १५० डॉलरपर्यंत. मग रस्त्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. माती तीच, पाऊस तोच. त्या हंगामात कचेरीत दुसरा विषय नव्हता.

आता खंडाने केलेल्या जमिनीचं. रोख खंड असेल तर चेक कसणाऱ्याला मिळतो, अर्धेलीने असेल तर मालकाशी वाटून. कागदावर अगदी न्याय्य. पण करार नव्याने करताना मालकालाही सगळे आकडे पाठ असतात, आणि खंड वाढतो. त्यामुळे हे अनुदान शेतकऱ्याला मिळतं, असं मी सरसकट म्हणत नाही. ते जमिनीला मिळतं, मग जमीन ज्याची त्याच्याकडे हळूहळू सरकतं.

माणशी किती अनुदान मिळेल याला मर्यादा आहे म्हणा. पण २०१८च्या कायद्याने ‘कुटुंबा’त चुलत-मामे भावंडं, भाचे, पुतणेही घेतले. भाऊबंदकीची सवय असलेल्या मला हे वाचून हसूच आलं: इथे भावकी वाढली की हिस्से घटत नाहीत, घराची एकूण मर्यादा वाढते.

सध्या सगळे विचारतात, “एआरसी बरी की पीएलसी?” पीएलसी ही दुसरी योजना; तीत भाव आधारभावाखाली गेला का एवढंच बघतात, उतारा नाही. २०२५च्या नव्या कायद्याने त्यातला मक्याचा आधारभाव ३.७० वरून ४.१० डॉलर केला, आणि २०२५च्या पिकापुरतं दोन्हींत जे जास्त ते आपोआप मिळणार आहे. हे ऐकून लोक खूश होतात. मग मी सांगते की पैसे ऑक्टोबर २०२६च्या आधी येणार नाहीत. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: “मग बियाण्याचं बिल तोवर थांबेल का?”