लोखंडी शेगडी: धुराडं उभं राहिलं, पहिले जाळ झाले

मागच्या नोंदीत खोली गरम करायची, लाकडावर चालणारी बंद दाराची शेगडी खोलीत नुसतीच येऊन पडली होती. आता ती जागेवर बसलीय, धुराडं छपरावर निघालंय आणि सुरुवातीचे छोटे जाळही झालेत. शेगडीच्या रूपाबद्दल भरपूर बोलून झालं. या वेळी धुराड्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरं यंत्र तेच आहे. धुराडं गरम राहिलं की शेगडी चांगली चालते, गार पडलं की कितीही महागाची पेटी घ्या, धूरच खात बसाल.

आधी आकार. विकत घेताना बहुतेकांना मोठीच हवी असते. ढोबळ हिशोब असा: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढायचं आणि भिंती किती उष्णता धरतात त्यानुसार 10 ते 15 ने भागायचं. 60 घनमीटरच्या खोलीला त्या हिशोबाने 4 ते 6 किलोवॅट पुरतात. त्याच खोलीत 10 किलोवॅटची ठेवली की अर्ध्या तासात जीव नकोसा होतो, मग माणूस हवेची झडप बंद करतो, लाकूड जळायचं सोडून धुमसतं आणि न जळलेला वायू गार धुराड्यात डांबरासारखा चिकटतो. धुराडं पेटल्याच्या प्रकरणांत मूळ कारण बऱ्याचदा हेच असतं. म्हणून मी मुद्दाम लहान घेतली आणि भरभरून जाळायची असं ठरवलं.

पाइपचा मार्ग शक्य तितका सरळ ठेवलाय, शेगडीच्या डोक्यावरून थेट वर. आतला गरम वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो, त्यातून ओढ तयार होते. ती धुराड्याच्या उंचीवर आणि आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. युरोपीय चाचण्यांत शेगडी 12 पास्कल (दाबाचं एकक) ओढीवर तपासतात. आकडा वाऱ्याच्या झुळकेएवढा किरकोळ, म्हणूनच एखादा जादा कोपरा किंवा लांब आडवा तुकडा सगळा खेळ बिघडवतो. वळण घ्यावंच लागलं तर 90 अंशांच्या एका कोपऱ्याऐवजी 45 अंशांचे दोन घ्या. धुराडं बाहेरच्या भिंतीवर न चढवता घराच्या आतूनच नेलंय, त्यामुळे ते उबदार राहतं. छतापासून पुढे दुहेरी भिंतीचा, मध्ये उष्णतारोधक भरलेला स्टेनलेस पाइप आहे. छपरातून जातो तिथून किमान 90 सेंटीमीटर वर, आणि आडव्या 3 मीटरच्या आत जे काही असेल त्यापेक्षा 60 सेंटीमीटर उंच, हा नियम बऱ्याच ठिकाणी चालतो. तुमच्या भागाचे नियम वेगळे असले तर तेच धरा. छपराला भोक पाडणं आणि ते पाणी गळणार नाही असं बंद करणं हे काम जाणकार कारागिराकडे दिलं. तिथे हौस नको.

छताखालच्या एकेरी भिंतीच्या पाइपबद्दल एक गोष्ट हमखास उलटी केली जाते. प्रत्येक तुकड्याचं निमुळतं टोक खाली, शेगडीच्या दिशेला यायला हवं. पाहणाऱ्याला ते चुकीचं वाटतं, कारण धूर तर वर जातो. पण आत डांबर पाझरलंच तर ते खाली ओघळतं, आणि टोक खाली असेल तर ते पाइपच्या आतच राहून परत आगीत पडतं. उलटं बसवलं तर सांध्यातून बाहेर काळे ओघळ येतात. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू मारलेत. धुराड्यात आग लागली तर पाइप थरथरतो, आणि नुसता दाबून बसवलेला सांधा तेव्हा सुटू शकतो.

आता अंतरं. शेगडीच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत जे अंतर दिलंय तेच अंतिम. काहीच दिलं नसेल तर जळू शकणाऱ्या भिंतीपासून 90 सेंटीमीटर आणि एकेरी पाइपपासून 45 सेंटीमीटर धरून चाला. हे आकडे उगाच फुगवलेले वाटतात, पण लाकूड पेटायला दर वेळी ज्वाळाच लागते असं नाही. भिंतीतली फळी वर्षानुवर्षं 100 अंशांच्या आसपास तापत राहिली की ती हळूहळू कोळशासारखी होत जाते आणि नव्या लाकडापेक्षा खूपच कमी तापमानाला पेट घेऊ शकते. पाच हिवाळे काही झालं नाही, याला म्हणून फारसा अर्थ नाही. शिवाय फळीवर थेट चिकटवलेली टाइल म्हणजे संरक्षण नव्हे. टाइल जळत नाही, पण उष्णता मागे पोचवते. मी मागे पत्रा लावला तो भिंतीपासून 25 मिलिमीटर सोडून, खाली आणि वर उघडा ठेवून. गार हवा खालून शिरते, तापून वरून निघते आणि भिंतीपर्यंत उष्णता जाऊच देत नाही. भर जाळात पत्र्यामागच्या भिंतीवर तळहात ठेवला तर नुसती कोमट लागते. खाली न जळणारी फरशी आहे, दाराच्या पुढे 45 सेंटीमीटर, कारण निखारा उडतो तो पुढेच.

पहिले जाळ मुद्दाम मिणमिणते ठेवले. नवा उष्णतारोधक रंग तापताना उग्र वास आणि निळसर धूर सोडतो, तेव्हा खिडक्या सताड उघड्या. दोन जाळांच्या मध्ये शेगडी पूर्ण गार होऊ दिली. आतल्या विटांमधली आणि सिमेंटमधली ओल सावकाश जायला हवी, नाहीतर तडे जातात. दाराच्या कडेने हवा अडवायला लावलेली दोरी तपासायला कागदाची पट्टी दारात अडकवून दार बंद केलं आणि ओढून पाहिली. वरच्या बाजूला घट्ट, कडीपाशी जरा सैल. तिथे कडी थोडी आवळली.

पेटवायची पद्धत वरून खाली अशीच. तळाला मोठी फोडलेली लाकडं, त्यावर बारीक, सगळ्यात वर काटक्या आणि पेटवण. आग मेणबत्तीसारखी वरून खाली उतरते, धुराडं लगेच तापतं आणि सुरुवातीचा धूर ज्वाळेतूनच जातो. ढलप्यांनी धरलं की थोड्या वेळाने गंमत दिसते: ज्वाळा लाकडाला सोडून वर तरंगू लागतात आणि मागच्या भोकांच्या रांगेतून निळ्या-पिवळ्या जिभा फुटतात. तिथे गरम झालेली दुसरी हवा येऊन धुरातला वायू जाळते. यासाठी आत साधारण 600 अंश लागतात. हे चालू असताना बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्याच्या तोंडाशी धूर जवळपास दिसत नाही, फक्त हवा थरथरते. पाइपवर चुंबकाचा तापमापक लावलाय. एकेरी पाइपच्या पृष्ठभागावर साधारण 120 ते 240 अंशांत राहायचं. खाली गेलं की काजळी, फार वर गेलं की शेगडीला त्रास. दुहेरी पाइपवर हा तापमापक काही कामाचा नाही, बाहेरचा पत्रा खरं सांगतच नाही.

सरपणाचा विषय आला की वाद होतो, तरी सांगतो. ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी, आणि ती मोजायची ताज्या फोडलेल्या आतल्या बाजूला. ओंडक्याच्या टोकाला मीटर टोचलं तर तो ओल कमी दाखवून नेहमीच कौतुक करतो. एक बारकावा: बरेच मीटर ओल कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, त्यामुळे मीटरवरचे 25 म्हणजे एकूण वजनावर 20 टक्के. चांगल्या वाळलेल्या एका किलोतून सुमारे 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचंही असू शकतं, आणि ते पाणी उकळून वाफ करण्यातच आगीची ताकद जाते. फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून पण बाजूंनी उघडं रचलं तर वाळायला एक ते दोन वर्षं. रंगवलेलं, प्लायवूड, रसायन मुरवलेलं लाकूड आणि समुद्रातून वाहून आलेलं खारं लाकूड आत टाकायचंच नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडीपासून 1 ते 3 मीटरवर बसवला, धुराचा वेगळा. या वायूला वास नाही, रंग नाही. धोका भर जाळात कमी असतो. रात्री निखारे लाल असताना 'सकाळपर्यंत टिकावेत' म्हणून हवा पार बंद केली जाते, ओढ मंदावते, तेव्हा जास्त. स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट पंखा चालू असेल तर तोही खोलीतली हवा खेचून धूर परत आत आणू शकतो. म्हणून बाहेरची हवा येण्याची वाट उघडी ठेवलीय आणि घरातल्या सगळ्यांना बजावलंय: जाळ असताना तो पंखा नाही.

राखेत निखारे कित्येक तास, कधी कधी दिवसचे दिवस जिवंत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली, घराबाहेर दगडावर. राख सगळी काढत नाही. दोनएक सेंटीमीटरचा थर खाली असला की आग पटकन धरते.

धुराड्यातून कधी घोंघावणारा आवाज येऊ लागला तर हवा आणि दार बंद, सगळे घराबाहेर, अग्निशमन दलाला फोन. पाणी मारायचं नाही, तापलेलं धुराडं फुटतं. हे कागदावर लिहून शेगडीजवळच्या भिंतीवर लावलंय.

आता महिनाभर अशीच चालवून धुराड्यात ब्रश घालायचा विचार आहे. वर्षातून एकदा सफाई हा किमान नियम, पण नवी शेगडी आणि नवं सरपण असताना लवकर पाहिलेलं बरं. धुराड्याच्या आतल्या भिंतीवर 3 मिलिमीटर थर दिसला की साफ करायलाच हवं. आत भुरभुरीत करडी काजळी निघाली तर हे लाकूड पुढेही चालेल. चकचकीत काळं निघालं तर ती रास आणखी एक उन्हाळा तशीच वाळत ठेवीन.