पत्र ड्रॉवरमध्येच राहिलं होतं

मी इंग्लंडमधल्या लेस्टरला कम्युनिटी हेल्थ वर्कर आहे, ब्रेस्ट कॅन्सर स्क्रीनिंगबद्दल आपल्याकडच्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं हे माझं काम. मागच्या वर्षीचा एक शनिवार अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

बेलग्रेव्ह रोडजवळच्या एका हॉलमध्ये भजन संपल्यावर आमचं सेशन होतं. वीसेक बायका, बहुतेक गुजराती, काहीजणी तर १९७२ ला युगांडातून आलेल्या घरातल्या, आणि कोपऱ्यात एक आपल्या मराठी काकू, साताऱ्याकडच्या, वय ६१. मी सांगत होते की ५० ते ७१ वयात दर तीन वर्षांनी एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, तपासणीला बोलावणारं पत्र येतं, पैसे लागत नाहीत, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव असलं की झालं. काकू म्हणाल्या, "मला नऊ वर्षांत एकपण आलं नाही गं."

मग मी स्तनाचा सिलिकॉनचा नमुना फिरवला, त्यात मटारएवढ्या गाठी असतात. काकूंनी डोळे मिटून तांदळातले खडे शोधावेत तशी बोटं फिरवली. म्हणाल्या, "माझ्यात असलं काही लागत नाही, मग कशाला जायचं?" म्हटलं काकू, गाठ हाताला लागायच्या आधीच दिसावी म्हणूनच तर तो फोटो, मॅमोग्राम, म्हणजे छातीचा एक्स-रे.

खरा प्रश्न कप विसळताना आला, एकदम हळू आवाजात. "फोटो काढायला पुरुष असतो का?" नेहमी हाच प्रश्न असतो आणि नेहमी सगळ्यात शेवटी येतो. नाही, बाईच असते. दुखतं का, तर हो, मशीन दाबतं तेव्हा काहीजणींना दुखतं, पण काही सेकंदच. हे मी कधी लपवत नाही, कारण दुखणार नाही म्हणून पाठवलेली बाई परत आल्यावर दहाजणींना अडवते.

तेवढ्यात मुलगा न्यायला आला, त्याला पत्राचं विचारलं तर मान खाली. "दोनदा आलं होतं, ड्रॉवरमध्ये आहे. आईला असलं कसं सांगायचं?" मला खूप राग आला, पण पोरगा वाईट नाही हो, खरंच लाजला होता. काकूच म्हणाल्या, "लाइट बिल वाचून दाखवतोस की रे, मग हे का नाही?"

सोमवारी काकूंनी माझ्यासमोर बसून वेळ घ्यायला फोन केला, पुढे सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या तपासणीच्या व्हॅनमध्ये मी बरोबर गेले. नंतरचे दिवस काकूंना झोप नव्हती, आणखी तपासण्यांना परत बोलावलं तर काय म्हणून. मी रोज तेच सांगत होते की १०० त साधारण ४ जणींना बोलावतात आणि त्यातल्याही बहुतेकींना कॅन्सर नसतो.

दोन आठवड्यांनी काकू हॉलवर आल्या, हातात निकालाचं पाकीट, बंदच. "त्याच्या हातात पडायच्या आत मी उचललं. वाच." सगळं ठीक होतं. मी मराठीत दोनदा वाचून दाखवलं, त्यांनी पत्र नीट घडी करून पिशवीत ठेवलं आणि त्याच पिशवीतून दुसरं एक पाकीट काढलं, तेही न फोडलेलं, शेजारच्या पंजाबी बाईंचं.

"तिला इंग्लिश येत नाही," म्हणाल्या, "बाहेर गाडीत बसलीय."